हात न लावणारी बाई

आमच्या प्रसूती वॉर्डात आयांना बाळाला पाजायला शिकवण्यासाठी एक बाई नेमलेली होती. कागदोपत्री तिचा हुद्दा स्तनपान सल्लागार. वॉर्डात तिला सगळे संशोधनबाई म्हणत, कारण तिचं निम्मं बोलणं ‘ताज्या संशोधनानुसार’ या शब्दांनी सुरू व्हायचं. हे नाव मी ठेवलं असा तिचा माझ्यावर संशय आहे. मी वॉर्डची इन्चार्ज सिस्टर, त्यामुळे वॉर्डात काहीही झालं की माझ्याच नावावर खपतं. पण हे नाव मीच ठेवलं.

ताजं संशोधन म्हणजे मला पावासारखी वस्तू वाटते. आज मऊ, परवा शिळी. ही बाई नवीन आली तेव्हा तिने वॉर्डाच्या मधल्या भिंतीवर मोठं घड्याळ लावून घेतलं होतं. आयांनी त्यात बघून पाजायचं, इतका वेळ या बाजूला, इतका वेळ त्या बाजूला. बाळ भुकेने हातपाय झाडत असलं तरी आईची नजर काट्यावर. दोन वर्षांनी हीच बाई स्टुलावर चढून ते घड्याळ उतरवताना मला दिसली. आता म्हणे बाळाकडे बघायचं. बाळ मूठ तोंडात घालतं, मान वळवून शोधतं, ही भूक. रडायला लागलं म्हणजे आधीच उशीर झाला. मी ते घड्याळ माझ्या टेबलामागे लावून घेतलं, अजून चांगलं चालतं.

तिचे हात मात्र नावाजलेले होते. आई रडकुंडीला आलेली, बाळ किंचाळून लालबुंद, दारात नातेवाइकांचा घोळका. अशा वेळी ही यायची, कोपरापर्यंत हात धुवायची, एका हाताने बाळाची मान सावरायची, दुसऱ्याने स्तन, आणि बाळाने मोठं तोंड उघडलं रे उघडलं की चटकन जोडून द्यायची. खोलीत एकदम शांतता. मग फक्त बाळाच्या गिळण्याचा आवाज. सासवा तिचे हात हातात घेऊन उलटेपालटे करून बघायच्या. तिला ते आवडायचं. कुणाला आवडणार नाही? पण तिला जरा जास्तच आवडायचं. ड्युटी संपली की माझ्या टेबलाशी बसून ती हातांना क्रीम चोळायची आणि चोळता चोळता आज कितीजणींनी काय काय म्हटलं ते सांगायची.

मग त्या आया घरी जायच्या आणि फोन सुरू व्हायचे. ‘‘बाई, घरी धरतच नाही हो. तुम्ही लावून दिलंत की धरतं.’’ हे फोन तिला कौतुकाचे वाटायचे. संध्याकाळी पिशवी उचलून ती त्यांच्या घरी जायची, जिने चढायची, बाळ लावून द्यायची, उतरायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच फोन. काही दिवसांनी हिने फोन केला की नवरा उचलायचा आणि सांगायचा, ‘‘आता डब्यातलं दूध चालू केलंय, तुम्ही उगाच त्रास घेऊ नका.’’

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने मला मोबाइलवर एक लेख वाचून दाखवला. त्याचं म्हणणं असं की सल्लागाराने स्वतः बाळ लावून दिलं तर त्या वेळेपुरतं काम भागतं, पण आईच्या मनात बसतं की हे आपल्याला येत नाही, बाईंनाच येतं. त्यापेक्षा आईला रेलून बसवावं, बाळ उघडं करून तिच्या छातीवर पालथं ठेवू द्यावं, त्याला हुंगत-शोधत जाऊ द्यावं आणि आईला तिच्या हातांनी करू द्यावं. सल्लागाराने हात आवरावेत. वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला.

‘‘म्हणजे ते फोन माझ्यामुळे येत होते,’’ ती म्हणाली.

‘‘अगं, लेख आहे तो. पुढच्या महिन्यात दुसरा येईल.’’

पण ही बाई बाकी सगळ्या बाबतीत तुमच्याआमच्यासारखी असली तरी एका बाबतीत वेडी होती. वाचलेलं पटलं की ती तसं वागायची. आणखी चार लेख शोधून तिने खात्री करून घेतली, मग दवाखान्याच्या शिंप्याकडून एप्रनला मनगट बुडेल एवढे खोल खिसे शिवून घेतले. हात शिवशिवायला लागले की ते खिशात.

पहिला महिना तर काही विचारू नका. ही खाटेजवळ यायची, हात खिशात घालायची आणि गोड आवाजात विचारायची, ‘‘तुला काय वाटतं, बाळाला काय हवंय?’’ एकीने तर गळाच काढला, ‘‘मला कळत असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?’’ दुसरीला वाटलं, बाई आपल्यावर चिडल्यात. तिसरीच्या नवऱ्याने माझ्याकडे येऊन तक्रार केली की तुमच्या बाईंच्या हाताला लागलंय का, की त्या मुळात कामच करत नाहीत?

आणि हिने हात काढून घेतले म्हणून ती जागा रिकामी थोडीच राहणार? तिथे नातेवाइकांचे हात आले. सासू बाळाचं डोकं दाबायची, बाळंतिणीची आई हनुवटी ओढायची, नणंद गाल टोचून जागं करायची. बाळ बिचारं चक्रावून झोपूनच जायचं. त्या लेखांत आई होती, बाळ होतं, सल्लागार होती; नातेवाईक नव्हते. असा दवाखाना कुठे आहे तो मला एकदा बघायचाय.

त्याच सुमारास आमचे वैद्यकीय अधीक्षक बदलले. नवे साहेब तरतरीत, बोलायला सभ्य, आणि खर्चाच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून बसलेले. संशोधनबाईचं पद कंत्राटी होतं आणि वर्ष संपताना ते ठेवायचं की काढायचं हे त्यांनी ठरवायचं होतं. त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावून सरळ सांगितलं, ‘‘मी राउंडला आयांना विचारीन की पाजायला कुणी शिकवलं. त्यांच्या तोंडून तुमचं नाव आलं तर पद राहील.’’ यात गैर काही नव्हतं. कुठल्याही शहाण्या माणसाने हेच केलं असतं.

सहा महिन्यांपूर्वी हा प्रश्न आला असता तर आयांनी तिच्या नावाचा जयजयकार केला असता. आता साहेब विचारायचे आणि आया लाजत सांगायच्या, ‘‘जमलं बाई माझं मला.’’ एक तर म्हणाली, ‘‘त्या बाई ना? असायच्या की, इथंच उभ्या असायच्या.’’ साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

गंमत अशी, की घरून येणारे ते फोन बंद झाले होते. दीड महिन्याच्या लसीला आलेल्या आया खाली रांगेत बसल्या बसल्या बाळाला घ्यायच्या, कुणाला काही न विचारता. पण न आलेला फोन साहेबांना कसा ऐकू जाणार? तिला मात्र सगळं कळत होतं. नोकरी जाणार हे दिसत होतं आणि काम जमतंय हेही दिसत होतं. तिची झोप उडाली. मला म्हणायची, ‘‘एकदाच हात लावू का गं? एखादीला? साहेबांच्या राउंडच्या आधी?’’ आणि मग आपणच खिशात हात घालून निघून जायची.

अशात ती खिडकीजवळच्या खाटेवरची आली. शिलाई कारखान्यात कॉलर लावायचं काम करणारी, अंगाने किरकोळ, बोलायला त्याहून किरकोळ. बाळाचं वजन उतरलं होतं, तिच्या स्तनाग्रांना चिरा पडल्या होत्या, आणि बाळ जवळ आणलं की ती दात आवळून डोळे मिटायची. तिची सासू शाळेत शिपाई होती. सबंध शाळेला घंटेवर उठवणारी-बसवणारी बाई, ती सुनेला काय सोडणार? मोठी जाऊ दुधाच्या पावडरचा डबा पिशवीत घेऊनच आली होती. आणि नवरा बसचालक, तो मधे उभा राहून सगळ्यांकडे आळीपाळीने बघायचा.

‘‘हिच्या अंगात जोरच नाही,’’ सासूने सुनेच्या देखत जाहीर केलं. ‘‘माझ्या वेळी असं नव्हतं.’’

‘‘डबा द्या आणि मोकळ्या व्हा, सासूबाई,’’ जाऊ म्हणाली. ‘‘माझी दोन्ही डब्यावरच वाढली, काय वाईट झालं?’’

खिडकीवालीने भिंतीकडे तोंड केलं. ‘‘मला पाजायचंय,’’ एवढंच ती म्हणाली, तेही भिंतीला.

संशोधनबाईने आधी बाळाच्या पोटाचं बघितलं. आईला हाताने दूध काढायला शिकवून ते वाटीतून चमच्याने पाजायला लावलं, दुपट्यांची ओल तपासली, डॉक्टरांना दाखवून घेतलं. मग खरी पंचाईत सुरू झाली. खिडकीवाली बाळ उचलायला गेली की सासूचे दोन हात आडवे. बाईंनी समजावलं, विनवलं, ताजं संशोधन सांगितलं. सासू म्हणाली, ‘‘तुम्ही हात लावत नाही, मला लावू देत नाही, मग काय बाळाने चालत जायचं?’’

‘‘हो, तसंच काहीसं,’’ बाई म्हणाली. पण सासू पटणाऱ्यांतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाई शिकवायच्या पेटीतली बाहुली आणि लोकरीने विणलेला स्तन घेऊन आली. तिने ते दोन्ही सासूच्या हातात दिले. ‘‘आजी, घरी गेल्यावर हिला आधार तुमचाच. तुम्हाला आधी यायला हवं. हे इथे बसून मला शंभरदा करून दाखवा. हनुवटी आधी टेकली पाहिजे, नाक मोकळं राहिलं पाहिजे.’’ परीक्षा म्हटल्यावर शाळेत जन्म काढलेली सासू ताठ बसली. लोकरीचा स्तन मांडीवर, बाहुली हातात, जीभ दातांखाली. नवऱ्याला बाईने सांगितलं, ‘‘तुम्ही बस चालवता ना? मग तुम्ही नुसतं बाळाकडे बघायचं. मूठ तोंडाकडे गेली, मान वळली, जीभ बाहेर आली की हिला सांगायचं. हात लावायचा नाही, फक्त सिग्नल सांगायचा.’’ तो पुढे वाकून असा बघू लागला, की रस्त्यावरही त्याने इतकं लक्ष दिलं असेल का, मला शंका आहे. जावेला तिने पडद्याशी उभं केलं, ‘‘तुम्हाला अनुभव आहे, तुमचं लोक ऐकतात. भेटायला येणाऱ्या कुणालाही आत सोडू नका.’’ जाऊ डबा खाली ठेवून पडदा धरून उभी राहिली, आणि तिने त्या दिवशी एका डॉक्टरलासुद्धा बाहेर थांबवलं.

सगळे हात कामाला लागले आणि बाळावर एकही हात उरला नाही. खिडकीवाली उशीला रेलून पडली, बाळ उघडं तिच्या छातीवर. बाई खाटेच्या पायथ्याशी, हात खिशात.

‘‘मूठ गेली तोंडात,’’ नवरा कुजबुजला.

‘‘थांब हं,’’ बाई खिडकीवालीला म्हणाली. ‘‘घाई नको. तो काय करतोय ते बघ.’’

बाळ डोकं आपटत, घसरत, हुंगत खाली सरकलं. एकदा चुकलं, रडवेलं झालं. बाईच्या खिशातल्या मुठी एप्रनवरून मला दिसत होत्या. ती जागची हलली नाही. खिडकीवालीने आपल्या कॉलर लावणाऱ्या बोटांनी त्याचे खांदे जरासे जवळ घेतले, त्याची हनुवटी टेकली, तोंड मोठं उघडलं आणि त्याने धरलं. ती दचकली आणि मग तिचे खांदे खाली आले. ‘‘दुखत नाहीये,’’ ती म्हणाली, आणि मोठ्याने हसली. तिचा आवाज एवढा मोठा असेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. सासूचं बाहुलीतून डोकं वर आलं. ‘‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’’ ती म्हणाली. काय म्हटलं होतं ते कुणी विचारलं नाही.

पुढचे दोन-तीन दिवस तेच चाललं आणि वजनाचा काटा वर सरकला. खिडकीवालीच्या घरी जायच्या दिवशी साहेबांचा राउंड होता, आणि वर्ष संपायला आलं होतं. मी संशोधनबाईला बाजूला घेतलं.

‘‘आज हिला सांगून ठेव. साहेबांनी विचारलं की तुझं नाव घे म्हणावं. खोटं थोडंच आहे ते?’’

‘‘खोटं नाही,’’ ती म्हणाली. ‘‘सांगते.’’

ती गेली. मी दारातून बघत होते. खिडकीवाली तिला बघताच उठून बसली आणि ही काही बोलायच्या आत तिचंच सुरू झालं, ‘‘बाई, सकाळी सगळे चहाला गेले होते ना, मी एकटीच होते. मी कुण्णालाही हाक नाही मारली. माझं मी केलं. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की मला काहीतरी येतं.’’ संशोधनबाई तिच्याकडे बघत उभी राहिली. मग ‘‘छान,’’ म्हणाली आणि परत आली.

‘‘सांगितलंस?’’

‘‘काय सांगू? तुझं तू नाही केलंस, मी केलं, असं?’’ ती माझ्यावरच खेकसली. ‘‘तसं सांगितलं तर घरी जाऊन आठ दिवसांत बाळ अंगावरून सुटेल तिचं.’’

मला तिचा संताप आला. अजूनही येतो. चांगुलपणा करावा, पण पोटावर पाय येईपर्यंत करावा का? म्हटलं, मीच सांगते साहेबांना. तर म्हणाली, ‘‘तिच्यासमोर बोललीस तर बघ.’’

साहेब आले. बाळाला बघून खूश झाले. ‘‘अरे वा! पाजायला कुणी शिकवलं तुम्हाला?’’

‘‘कुणी नाही, साहेब,’’ खिडकीवाली मान ताठ करून म्हणाली. ‘‘माझं मीच शिकले.’’

‘‘घरच्यांनी साथ दिली,’’ सासूने दुरुस्ती केली. ‘‘मी स्वतः सगळं शिकून घेतलं आधी.’’

साहेब संशोधनबाईकडे वळले. माणूस वाईट नव्हता, त्याने तिला संधी दिली. ‘‘काय हो, खरं आहे का हे?’’

‘‘खरं आहे,’’ ती म्हणाली. ‘‘तिचं तिनेच केलं.’’

महिनाअखेरीला पद गेलं. साहेबांनी सभ्यपणे कळवलं की आया स्वतःहून शिकत आहेत आणि कुटुंबांचा सहभाग समाधानकारक आहे, त्यामुळे स्वतंत्र सल्लागाराची गरज उरलेली नाही. मुळात ती शिकलेली नर्स, म्हणून घरी न पाठवता खाली लसीकरणाच्या खोलीत बदली दिली, तीही तात्पुरती. मी वर बसून दोन दिवस सगळ्यांवर ओरडत होते. ती जाताना बाहुली आणि लोकरीचा स्तन कपाटात नीट ठेवून गेली, कुणी वापरलं तर वापरलं म्हणून.

महिन्याभराने मी वॉर्डसाठी लसी घ्यायला खाली गेले तेव्हा खोली माणसांनी भरलेली होती. रांगेत पुढे खिडकीवाली, कडेवर बाळ. गाल चांगले भरलेले. ती संशोधनबाईकडे निरखून बघत होती.

‘‘तुम्ही वर होता ना? त्या... नुसत्या उभ्या असायच्या त्या?’’

‘‘त्याच,’’ बाई म्हणाली. ‘‘बस इथे. आधी त्याला पाजायला घे. नीट पिऊ लागला की मग टोचते. ताज्या संशोधनानुसार पिता पिता टोचलं की बाळांना कमी दुखतं.’’

खिडकीवाली खुर्चीत रेलली आणि तिने बाळ लावून घेतलं, कुणाकडे बघितलंसुद्धा नाही. बाळ प्यायला लागलं. बाईने मांडीवर सुई टोचली आणि काढली. बाळ एकदा कळवळलं, अर्धवट कुरकुरलं आणि परत प्यायला लागलं. रांगेत बाकीची बाळं नुसत्या स्पिरिटच्या वासानेच किंचाळत होती. सगळ्या आया टक लावून बघत राहिल्या.

‘‘आई गं, काय हलका हात आहे या बाईंचा!’’ मागची एक म्हणाली.

‘‘माझा हात नाही, दूध आहे ते,’’ संशोधनबाई म्हणाली. ‘‘आईने केलं, मी काही केलं नाही.’’

‘‘खरंच हलका आहे हो हात तुमचा,’’ खिडकीवाली म्हणाली. ‘‘तुम्ही आधीपासून इथेच का नाही बसलात?’’

मग काय, गावभर झालं. दुसऱ्या नर्ससमोर कुणी उभं राहीना, सगळ्यांना याच बाई हव्या. बाळ पाजायला घ्या असं ती प्रत्येकीला सांगायची, त्या घ्यायच्याही, बाळं रडायची नाहीत, आणि आया साहेबांच्या केबिनमध्ये डोकावून सांगून जायच्या की त्या हलक्या हाताच्या बाईंना इथून हलवू नका. साहेबांच्या कानांवर तिचं नाव इतक्यांदा पडलं, की त्यांनी तिला वर्षभरातच कायम केलं. टोचायला.

ऑर्डर हातात पडली त्या दिवशी मी मुद्दाम खाली गेले, अभिनंदन केलं. तिने कागद एकदा वाचला.

‘‘वर आयांजवळ आता कोण असतं?’’ तिने विचारलं.

‘‘सासवा, नणंदा, जावा, सगळेच असतात,’’ मी म्हटलं.

तिने ऑर्डरची घडी घालून खिशात ठेवली आणि पुढच्या बाळाला हाक मारली.